बोरं घेऊन आलेला पाहुणा

मोबाईल लागोपाठ टुणटुण वाजायला लागला की अजूनही मी हातातलं काम टाकून धावते. नवरा हसतो. हसू दे. त्या दुपारी तो शाळेत शिकवत होता, घरी मी होते.

चिखलीत आधी आम्ही बाजाराच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहायचो. तिथं नवा माणूस वळला रे वळला की कुठल्या तरी ओट्यावरून आवाज यायचाच, "कोनाकडे आले हो पाव्हने?" मला त्या चौकशांचा भारी वैताग. भाजी काय केली, माहेरून कोण आलं, किती दिवस राहणार, सगळ्या गल्लीला खबर. म्हणून गावाबाहेरच्या ले-आउटमध्ये घर बांधलं तेव्हा मी म्हटलं, सुटले बाई एकदाची! इथं प्रत्येकाला गेट, गेटावर कॅमेरा. कोणी कोणाला काही विचारत नाही. बोलायचं ते कॉलनीच्या ग्रुपवर.

त्या हिवाळ्यात पोरं पळवणारी टोळी फिरतेय अशी आवई उठली. टोळी पाहिली कोणीच नव्हती, पण जो तो तेच तेच व्हिडिओ पुढं ढकलायचा. कुठंतरी एका फेरीवाल्याला लोकांनी संशयावरून अर्धमेला केला, असंही कानावर आलं होतं. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? माझी मुलगी लहान. तिला गेटबाहेर सोडणं मी बंदच केलं होतं.

दुपारी मुलगी झोपली होती आणि ग्रुपवर फोटो आला. पाठमोरा म्हातारा, धोतर, डोक्याला उपरणं, हातात पिशवी, कोणाच्या तरी गेटातून वाकून आत बघतोय. खाली लिहिलेलं, 'लेकरांना काहीतरी खायला देत आहे. सावध राहा.' मी आधी धावत जाऊन मुलीच्या अंगावर हात ठेवला, मग दाराला आतून कडी घातली. फोन वाजतच होता. 'धरला.' 'मंदिरामागच्या मोकळ्या प्लॉटवर या.' 'पोलीस येईपर्यंत सोडू नका.' 'आधी हातपाय मोडा, पोलीस नंतर.' मग आणखी एक फोटो आला. मातीत सांडलेली बोरं.

लाल, बारकी, गावरान बोरं. माहेरी आमच्या शेताच्या बांधावर असतात तशी. मी पहिला फोटो पुन्हा उघडून मोठा केला. डावा पाय जरासा बाहेर टाकून उभं राहायची ती लकब मी जन्मापासून बघत आले होते.

माझे बाबा वडनेर भोलजीला राहतात. नवं घर त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि न कळवता येणं ही त्यांची जुनी खोड. लेकीच्या गावात शिरलं की वाटेत जे लेकरू भेटेल त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, हा त्यांचा रिवाज. लेकीच्या गावचं लेकरू म्हणजे नातूच, असं ते म्हणायचे. गल्लीत त्यांनी कितीदा असं केलं, पोरं त्यांच्या मागं मागं घरापर्यंत यायची.

मुलीला तसंच झोपेतून उचललं आणि अनवाणी पळाले. पहिला फटका पडला असेल का, एवढंच डोक्यात. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू. एक धक्काही पुरे होता.

प्लॉटवर घोळका होता. सगळे चेहरे ओळखीचे, रोज सकाळी फिरायला जाणारे. एकाच्या हातात क्रिकेटचा स्टम्प. मधे बाबा मातीत बसलेले, दोघांनी त्यांचे दंड धरलेले, उपरणं कुठंतरी पडलेलं. मी ओरडले तशी कोणीतरी म्हणालं, "मॅडम, लांब राहा, लेकरू आहे तुमच्याजवळ."

"अहो, माझा बाप आहे तो!"

दंडावरचे हात सुटले. स्टम्प पाठीमागं गेला. एकजण बाबांचं धोतर झटकू लागला. आणि ग्रुपवर सगळ्यांत जास्त लिहिणारे गृहस्थ म्हणाले, "मग ग्रुपवर टाकायचं ना मॅडम, पाहुणे येणार आहेत म्हणून." मला असा संताप आला! पण आधी बाबांना तिथून बाहेर काढायचं होतं. मी बाबांचा हात धरला आणि निघाले.

घरी त्यांना चहा करून दिला. मी विचारलं, "बाबा, सांगायचं ना त्यांना, कोणाकडे आलात ते?"

"सांगतलं ना बाई. तुह्यं नाव सांगतलं. डबल सांगतलं. अशी कोनी इथं राहतच नाही म्हने."

इथं मी मॅडम. नाव कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

संध्याकाळच्या गाडीनं जातो म्हणाले. मी म्हटलं, राहा, आता कोणी काही करणार नाही. उभ्या जन्मात बापाच्या तोंडून भीतीची गोष्ट मी ऐकली नव्हती. त्या दिवशी ते म्हणाले, "मले भेव लागते बाई. माह्यं नाही, तुह्यं. उद्या तुले काही झालं तं इथं हाक कोनाले मारशीन?"

मी एखादं नाव आठवायला लागले. एकही आठवलं नाही.