डॉक्टरांची जुनी यॉट

दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि महिन्याभरात वीस वर्षं वापरलेली मोटर यॉट घेतली. बायको म्हणाली, "जन्मभर लोकांचे किडलेले दात बघितलेत, आता हे काय नवीन खूळ?"

शांत पाण्यात यॉट अगदी गुण्यागोविंदाने चालायची. पण एका दुपारी दोघं बेटावरून परतत असताना वारा फिरला, लाटा उसळू लागल्या आणि दोनपैकी एक इंजिन आचके देत बंद पडलं. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं साचलेला गाळ हेलकाव्यांनी ढवळून वर आला होता आणि त्याने डिझेलचा फिल्टर तुंबला होता.

"तू चाक धर. नाक लाटेकडे ठेव, बस!" असं सांगून डॉक्टर खाली उतरले. तिने आजवर चाकाला हातही लावला नव्हता.

खाली डॉक्टरांनी तोंडात बॅटरी धरली, डोकं दोनदा आपटून घेतलं, एकदा बादलीत उलटी केली, पण फिल्टर बदललाच. इंजिन धडधडलं. डिझेलने माखलेले डॉक्टर वर आले, तर बायको पाय रोवून, डोळे बारीक करून उभी.

"दे इकडे चाक."

"अहो, बाजूला व्हा आधी! लाट दिसत नाहीये मला."

बंदर येईपर्यंत तिने चाक सोडलं नाही. पुढच्याच आठवड्यात तिने समोर उभं राहून टाकी साफ करून घेतली.

हल्ली यॉटवर पाहुणे आले की डॉक्टर सांगतात, "मी खाली इंजिन बघतो. कॅप्टन वर आहेत, त्यांना भेटा."