सत्काराचं ताट

आप्पांनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं.

ताटात शाल होती, नारळ होता, हळदी-कुंकवाची कोयरी होती. नगरपरिषदेच्या सभागृहात नवीन आलेल्या फौजदारांचा सत्कार चालला होता. ताट धरायला बाई पाहिजे म्हणून मला खुर्चीवरून उठवलं होतं. मी उठले, ताट घेतलं, तेवढ्यात आप्पा पुढं आले. आप्पांचं पेठेत कापडाचं दुकान. सत्काराची प्रत्येक शाल त्यांच्याच दुकानातून येते. माझ्याशी ते बोललेच नाहीत. अध्यक्षांकडं बघून बोलले.

"आबा, यांच्या हातात नगं. मालक न्हाईत त्यांना."

सगळ्यांना ऐकू गेलं. फौजदारांनाही. चहा देणाऱ्या बाईला आतून बोलावलं. तिनं पदराला हात पुसले आणि ताट धरलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. का वाजवल्या, आजही सांगता येत नाही.

मी तिथं सत्काराला गेलेच नव्हते. मी आठवडी बाजारात लसूण, आलं, मिरची विकते. नवरा गेला तेव्हापासून बसते. नगरपरिषदेनं बाजारासाठी नागरिकांची सल्लागार समिती काढली होती. पगार नाही, भत्ता नाही, नुसतं जायचं आणि आपलं म्हणणं मांडायचं. बाजारात बसणाऱ्यांतली एक बाई हवी होती. कुणी तयार होईना. मी म्हणाले, मी जाते. बायका हसल्या. माझ्या शेजारी बसणारी गयाबाई तेवढी हसली नाही. ती युसूफ वडगाव या खेड्यातून वांगी-गवार घेऊन येते, वयानं माझ्याहून बरीच मोठी.

"जा माय," ती म्हणाली. "आन मुतारीचं बोल."

तेवढं एकच बोलायचं होतं मला. बाजारात बायकांसाठी मुतारी नाही. पुरुषांना भिंत पुरते. आम्ही सकाळी घरून निघताना पाणी पीत नाही, दुपारीही पीत नाही, ऊन कितीही असो. बाजार उठून अंधार पडला की मग. पाळी असली की बाजारच बुडवायचा. गयाबाईला लघवीला आग होते, ताप चढतो. डॉक्टरनं सांगितलं, पाणी भरपूर प्या. ती त्याच्यापुढं हसली. बाहेर येऊन म्हणाली, "त्याला काय ठावं."

पण ताट काढून घेतलं त्या दिवशी मी मुतारी विसरले. घरी येऊन भाकरी थापताना हातांकडंच बघत राहिले. हे हात अशुभ. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हापासून शेवटपर्यंत त्याचं सगळं याच हातांनी केलं. राग असा आला, की पुढच्या बैठकीत मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते ताटासाठी.

"आबा, माजा नवरा मेलाय. माजे हात न्हाईत मेले."

आबा म्हणजे समितीचे अध्यक्ष, नगरपरिषदेचेही. शेती मोठी, घराणं पुढाऱ्याचं, बोलणं गोड. आप्पा खाली बघायला लागले. आबा मात्र उठले आणि स्वतः ताट उचलून माझ्या हातात दिलं.

"बराबर हाय वैनींचं. जमाना बदलला. आजपासून सत्काराचं ताट वैनीच धरतील."

टाळ्या. फोटो. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, विधवा भगिनीला मानाचं स्थान. मला खरंच वाटलं, मी जिंकले. पुढच्या बाजाराला तो पेपर घेऊन गेले. बायकांनी हातोहात फिरवून बघितला. गयाबाईनं डोळे बारीक करून बघितला.

"फोटू लई चांगला आलाय," ती म्हणाली. "मुतारीचं काय म्हनले?"

"फुडच्या मिटिंगला."

पुढच्या मिटिंगला कुणाचा तरी मुलगा मोठी परीक्षा पास झाला होता. त्याच्या पुढच्या वेळी आबांचा वाढदिवस. आमच्याकडं सत्काराशिवाय बैठक सुरू होत नाही, आणि सत्कार झाल्यावर ती फार टिकत नाही. मी ताट घेऊन भिंतीला उभी. माझ्या खुर्चीवर पाहुणा. एकेकाचं नाव पुकारायचं, त्यानं यायचं, शाल घालायची, नारळ द्यायचा, फोटोसाठी थांबायचं. मग भाषणं. मग चिवडा आणि चहा. मी बोलायला जावं तर आबा घड्याळ बघत.

"वैनी, तुमचा विषय लई म्हत्त्वाचा हाय. घाईत नगं."

मग मला ताट विसळायला पाठवायचे, आबांच्या केबिनमागं. तिथं संडास आहे. पांढरी फरशी, नळाला पाणी, दाराला आतून कडी. बाहेरच्या बेसिनमध्ये मी ताटातलं कुंकू धुवायचे आणि सकाळपासून बाजारात दाबून धरलेली लघवी तशीच दाबून परत यायचे. आत जाऊ नको असं मला कुणी सांगितलं नव्हतं. माझीच हिंमत व्हायची नाही.

मग या उन्हाळ्यातला एक बाजार. गयाबाईला सकाळपासून राहवत नव्हतं. दुपारी ती उठली आणि कापसाच्या गोदामामागं गेली. तिथल्या वॉचमननं काठी आपटून तिला हाकललं. "ए म्हातारे, ऊठ हितून." त्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. ती अर्ध्यातून उठली. परत येऊन पोत्यावर बसली ती ओल्या लुगड्यानंच. गिऱ्हाईक आलं, तिनं वांगी तोलली. मला वास आला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. उठली असती तर सगळ्या बाजाराला दिसलं असतं, म्हणून ती उठेना.

भाजीवर शिंपडायच्या पाण्याची बाटली माझ्याजवळ होती. ती मी तिच्या लुगड्यावर उपडी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आगं माय, सांडलं की." तिनं माझा हात घट्ट धरला आणि लगेच सोडला. एवढंच करता आलं मला. मी समितीची सदस्य होते.

त्याच दिवशी बैठक होती. मी बाजारातून तशीच गेले. कुणी निवृत्त साहेब पाहुणे होते, माझ्या खुर्चीवर बसलेले. आबांनी ताट पुढं केलं.

"मी धरनार न्हाई."

आबांना वाटलं आप्पांनी पुन्हा काही म्हटलं. त्यांनी आप्पांकडं डोळे वटारले. आप्पा घाबरून म्हणाले, "म्या काय बी बोललो न्हाई."

"कुनी बोललं न्हाई, आबा. ती खुर्ची माजी हाय. मला बसायचंय. आदी मुतारीचं बोला."

साहेब गडबडून उठले. मी बसले. आबा वाकून हळू बोलले, पण गोड नाही.

"पाहुन्याम्होरं असला विषय? एवडा मान दिला तुमाला."

मग मी बोलले. काय बोलले ते नीट आठवत नाही. गयाबाईचं नाव घेतलं नाही. मनात किती दिवस घोळवून ठेवलं होतं, पण वाक्यं अर्धीच राहिली. कुणी हसलं नाही, कुणी भांडलंही नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. सगळे टेबलावरच्या ताटाकडं बघत होते. मी थांबल्यावर आबा म्हणाले, "नोंद घेतली." आणि चहा देणाऱ्या बाईला आतून बोलावलं.

त्यानंतर मला बैठकीचा निरोप आला नाही. विचारायला गेले तर शिपाई म्हणाला, समितीत बदल झालाय. ताट धरायला नवी बाई घेतली आहे. तीही विधवाच. तिचाही फोटो पेपरात आला. हसतेय ती, मी हसत होते तशीच. मला तिचा राग येत नाही. मला रडू येतं. त्यांनी ताट काढून घेतलं तेव्हा मी ताटच मागितलं, आणि ते देऊन टाकणं त्यांना किती सोपं होतं, हे तिला कुणी सांगायचं?

मुतारी झालेली नाही. मी सांगून होईल असं आता वाटत नाही. गयाबाई एक बाजार येते, एक बुडवते. आली की ओठ कोरडे.

पण एक ठरवलंय, आणि बायकांना सांगून झालंय. येत्या बाजारी प्रत्येकीनं घरून पोटभर पाणी पिऊन यायचं. वर बाटली भरून आणायची, तीही प्यायची. दुपारी मालावर पोती टाकायची आणि सगळ्यांनी मिळून नगरपरिषदेत जायचं, आबांच्या केबिनमागं. वाट मला माहीत आहे. गयाबाईला वडगावला निरोप धाडलाय. आत पहिली ती जाणार. दाराला कुलूप असलं, तर आम्ही केबिनच्या दारातच लघवीला बसू. सत्कार चालू असला तरी. आणि कुणी कुणाला आडोसा धरायचा नाही.