तोंडात बोळा, हातात शिंग

आमच्या पोलादपुरात दाढ काढून घेणं सोपं आहे, पण सारिकाच्या तावडीतून सुटणं महाकठीण. डॉक्टर प्रियदर्शिनी दाढ काढून मोकळ्या होतात. पुढे काय करायचं ते त्यांची मदतनीस सारिका सांगते. कापसाचा बोळा दाबून धरा, थुंकत बसू नका, चूळ उद्या, कढत चहा नाय, मिश्री तर अजिबात नाय. सांगताना ती दारात आडवी उभी असते आणि माणसाने मान डोलावल्याशिवाय हलत नाही. ती स्वतः डोंगरातल्या वाडीतली, त्यामुळे आपली माणसं घरी जाऊन काय उद्योग करतात ते तिला पक्कं ठाऊक.

पण तोंडात बोळा असलेला माणूस मान डोलावण्याखेरीज दुसरं काय करणार? ही गोम तिच्या ध्यानात आली ती यंदाच्या शिमग्यात.

उमरठच्या पुढल्या वाडीतले हैबती सकाळी दवाखान्यात आले. वरची दाढ, मूळ नाकालगतच्या पोकळीला भिडलेलं. रक्त थांबेना म्हणून टाके घालावे लागले. सारिकाने नेहमीचं सगळं सांगितलं, वर नाक शिंकरू नका म्हणून बजावलं. म्हाताऱ्याने प्रत्येक वाक्याला इमानाने मान डोलावली आणि जीप पकडली.

दुपारी त्याच वाडीतल्या ठमाबाई दात दाखवायला आल्या.

"हैबतीचं झालं ना गो? बरं झालं. उन्हं कलली की पालखी उठायची हाय. त्याच्याबिगर शिंग कोण फुंकनार?"

शिंग फुंकायचं म्हणजे सगळा जोर गालात आणायचा. टाके तुटले तर रक्त पुन्हा सुरू होणार, आणि वाडीवरून खाली आणेपर्यंत ते थांबवणार कोण? सारिकाने फोन लावला. वाडीत रेंज नव्हती. डॉक्टरांचे दोन्ही हात दुसऱ्याच्या तोंडात होते. त्या एवढंच म्हणाल्या, "तू जा."

तिने स्कूटी काढली. वाटेत पोस्त म्हणून शिमग्याचे पैसे मागणाऱ्या पोरांनी रस्त्यावर दोरी आडवी धरली होती. तिने अशी शिवी हासडली की दोरी आपोआप खाली पडली. वाडीच्या वळणावर ढोल ऐकू यायला लागला, तशी तिला रडूच यायला लागलं.

देवळासमोर भोई पालखीला खांदा द्यायला वाकले होते. हैबतींनी शिंग उचललेलं. सारिकाने गर्दीतून घुसून त्यांचा हातच धरला.

"बाबा, फुंकू नका."

ढोल थांबला. सगळी वाडी तिच्याकडे बघायला लागली.

"पोरी, मी नाक नाय शिंकरलं," हैबती म्हणाले. "तू सांगितलंस ते सगळं ऐकलं."

"शिंगाचं सांगायचं राहिलं माझं. टाके तुटतील, बाबा. रक्त थांबायचं नाय."

"माझ्या आज्यापासनं हा मान आमच्याकडं हाय. आज शिंग वाजलं नाय, तर उद्या दुसऱ्या घरात जाईल." म्हाताऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात रक्त दिसतच होतं.

सारिकाला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. तेवढ्यात देवाचे पुजारी श्रीपत पुढे आले.

"हैबती, शिंग तूच धर. औंदा नुसतं तोंडाला लाव. दुसऱ्या कोनाच्या घरात जात नाय ते. मी सांगतो."

हैबतींनी बराच वेळ शिंगाकडे बघितलं, मग सारिकासमोर तोंड उघडलं. तिने सोबत आणलेला ताजा बोळा बसवला. बोळा दाबून धरून त्यांनी शिंग ओठांना लावलं आणि ढोल पुन्हा सुरू झाला.

पालखी उठली. सगळी वाडी देवाला हात जोडून उभी होती. सारिका मात्र हैबतींच्या गालांकडे बघत होती. पालखी देवळाला वळसा घालून दिसेनाशी होईपर्यंत ते गाल फुगले नाहीत, फक्त ओले झाले.