समोरच्या फ्लॅटचा डबा

पदवीच्या शेवटच्या वर्षी मी आशियाई अभ्यास घेतला होता आणि मला जपानवर एक छोटं संशोधन करायचं होतं. मॅडमनी माझे दोन विषय परत केले. "हे तू नुसतं वाचलंयस. स्वतः काही पाहिलेलं नाहीस," त्या म्हणाल्या. सोमवारपर्यंत विषय मंजूर झाला नाही, तर संशोधन विसरून सगळ्यांसारखा लेखी पेपर द्यायचा होता. मला रडूच कोसळलं. माझ्याकडे होता तो फक्त बसचा पास, त्यावर जपान कुठून पाहणार?

घरी आले तर आई वैतागलेली. पुनावळ्याच्या आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये एक जपानी बाई राहायला आल्या होत्या, नवरा चाकणच्या कंपनीत मोठा साहेब. दिवाळीत आईनं त्यांना शंकरपाळी दिली. त्यांनी आमचा डबा लख्ख धुऊन परत केला आणि सोबत स्वतःच्या डब्यात बिस्किटं दिली. आता दुसऱ्याचा डबा रिकामा कसा द्यायचा? आईनं त्यात धपाटे भरले. की लगेच तिकडून आणखी काहीतरी हजर. संक्रांत उलटली तरी हे थांबेना. बाबांची चंगळ होती, शिफ्टवरून आले की आधी ओट्यावरचा डबा उघडायचे. आई मात्र अगदी मेटाकुटीला आली होती.

"या बाईला दुसरं काम न्हाई का? जपानी शिकतीस ना, मग जाऊन सांग, बास म्हणावं आता."

सांगायला पाठवलं तेही हातात लाडवांचा डबा देऊन. तो पाहून बाईंचा चेहरा पडला, तरी त्यांनी वाकून नमस्कार केला आणि मला आत बसवलं. माझ्या पुस्तकी जपानीत मी अडखळत विषय काढला. तर त्यांनीच मला विचारलं, त्यांचं काही चुकलं का, माझी आई थांबत का नाही? त्यांच्याकडे म्हणे काही आलं की काहीतरी परत द्यावंच लागतं, नाही दिलं तर वाईट दिसतं. मी आमची रीत सांगितली. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग मी म्हटलं, आईला समजावते, आता तुम्ही दोघी सुटलात.

त्यांचं हसू मावळलं. "दिवसभरात आमची बेल फक्त तुझी आई वाजवते," त्या हळूच म्हणाल्या.

मी घरी येऊन आईला हे जसंच्या तसं सांगितलं. आईनं पदराला हात पुसले आणि हातात काहीही न घेता ती समोर गेली. दिवेलागणीलाच परतली. एकीला मराठी येत नाही, दुसरीला जपानी, मग इतका वेळ काय केलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, खूप गप्पा झाल्या.

मी तेच सगळं लिहून काढलं. सोमवारी मॅडमनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि हाच विषय घे म्हणाल्या. बसमध्ये उभ्यानं येतानाही माझं हसू थांबत नव्हतं. घरी आईनं विचारलं, त्यात तिचं नाव येणार का. मी समजावलं की संशोधनात खरी नावं देत नाहीत. त्या बाई 'सहभागी एक' आणि ती 'सहभागी दोन'.

आईला ते काही पटलं नाही.

"सहभागी काय गं? शेजारीण लिही. दोघींनाबी."