आईंचं तहहयात उत्पन्न

सासूबाईंनी पुण्याचा फ्लॅट दान करायचं ठरवलंय हे मला चवळीच्या शेंगा मोडताना कळलं. त्या दर वर्षी काही महिने आमच्याकडे सिंगापूरला येतात. त्या वेळी आल्या आल्या पडल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी विमानप्रवास इतक्यात नको म्हणून सांगितलं. तेव्हापासून घरातली बसून करायची सगळी कामं त्यांनी ताब्यात घेतली होती.

"फ्लॅट वसतिगृहाला देतेय," त्या म्हणाल्या. "ते मला तहहयात दरमहा उत्पन्न देणार. मी गेले की ते बंद."

"कोणता फ्लॅट?" मी विचारलं.

"कोणता म्हणजे? मला काय चार आहेत?"

वसतिगृह कोणतं ते मला माहीत होतं. बार्शीहून नोकरीसाठी पुण्याला आल्यावर लग्न होईपर्यंत त्या तिथेच राहिल्या. नोकरी खासगी कंपनीत, म्हणजे पेन्शन नाही. फ्लॅट मात्र स्वतःच्या पगारातून घेतलेला, स्वतःच्या नावावरचा. सासरे गेल्यापासून माझा नवरा त्यांना दर महिन्याला पैसे पाठवतो. न मागता, वेळेवर पाठवतो. पण घेणाऱ्याला प्रत्येक महिना वेगळा मोजावा लागतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"चांगलं आहे," मी म्हटलं आणि शेंगा धुवायला उठले.

माझ्यापुरता सासूबाईंच्या बोलण्याचा अर्थ असा होता की परत जायला आता जागा नाही.

इथला सरकारी फ्लॅट घेताना आम्ही दोघं पीआर, म्हणजे नागरिक नव्हे तर कायमचे रहिवासी होतो, अजूनही आहोत. पीआरने असा फ्लॅट घेतला तर दुसरीकडचं घर, मग ते परदेशातलं का असेना, ठरावीक मुदतीत विकावं लागतं. कोथरूडला आमच्या नावावर एक लहान फ्लॅट होता. तो विकला, हौगांगचा घेतला. फार विचार केला नाही. नवरा म्हणाला होता, आईचं घर आहेच की. मीही तेच धरून चालले. नोकरी संपली की पुण्याला जायचं, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात राहायचं, सकाळी टेकडीवर फिरायला जायचं. आई असतील तर त्यांच्यासोबत, नसतील तर आम्ही दोघं. आज पुण्यात नवं घर घ्यायचं तर मुलीची फी आणि इथलं कर्ज दोन्ही बाजूला ठेवावं लागेल, आणि दोन्ही बाजूला ठेवता येत नाहीत.

हे सगळं आईंना कधी सांगितलंच नव्हतं. सांगायचं कसं? तुमच्यानंतर आम्ही इथे राहायला येऊ, असं जिवंत माणसाला तोंडावर सांगायची आमच्यात पद्धत नाही. माहेरीही नव्हती. मृत्युपत्राचा विषय निघाला की कुणीतरी 'शुभ बोला' म्हणतं आणि दुसरा चहा येतो. गंमत म्हणजे मी नोकरी करते ती याच कामाची. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात वारलेल्या खातेदारांची प्रकरणं माझ्या टेबलावर येतात. मृत्युपत्र आहे का, वारस कोण, दान किती, दानातून कुणाला आयुष्यभर उत्पन्न द्यायचंय का. अनोळखी माणसांच्या मुलांना मी दिवसभर हेच प्रश्न विचारते. संध्याकाळी घरी आले की विचारत नाही.

नवऱ्याला त्याच आठवड्यात गाठलं. तो जुरोंग आयलंडवरून कंपनीच्या बसने येतो, स्टॉपवर उतरतो आणि आधी हॉकर सेंटरमध्ये कॉफी पितो. तिथेच जाऊन बसले.

"तुला माहीत होतं?"

"आई बोलली होती फोनवर. मागेच."

"मला का नाही सांगितलंस?"

"तिचं घर आहे. तिने ठरवलं." त्याने कॉफीत चमचा फिरवला. "आपल्याला काय करायचंय त्या घराचं?"

"राहायचं होतं."

"कुणाला?"

मग तोच म्हणाला, "हे बघ, मला नाही जायचं. इथे माझं बॅडमिंटन आहे, लिफ्ट आहे, रस्ता ओलांडला की दवाखाना आहे. तू दर वर्षी पुणं पुणं म्हणायचीस. मला वाटायचं, म्हणतेय, म्हणू दे."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं की पुणं माझं एकटीचंच होतं. त्याने माझ्यासाठीही कॉफी मागवली. प्यायले.

मुलीने तर इथल्या ढंगाच्या इंग्रजीत चर्चाच एका वाक्यात मिटवली. "आजी, युवर हाउस, यू डिसाइड लाह." आईंनी तिचा गालगुच्चा घेतला. "बघ, हिला कळतं."

वसतिगृहाच्या वकिलांचा मसुदा आला तेव्हा आईंनी तो माझ्याकडे दिला. "तू वाच. तुझं रोजचं काम आहे. मी वाचलं की सगळं चांगलंच वाटतं."

मी वाचला. मसुदा भाबडा होता. रक्कम दरमहा मिळेल एवढंच लिहिलेलं. उशीर झाला तर काय, वसतिगृह बंद पडलं तर काय, महागाई वाढली तर काय, एक अक्षर नाही. घर मात्र नोंदणी होताच कायमचं त्यांचं. मला तिथे थांबता आलं असतं. हा करार धोक्याचा आहे, करू नका, एवढं म्हटलं असतं तर आईंनी ऐकलं असतं. पैशाच्या बाबतीत त्या माझं ऐकतात. आणि ते खोटंही नव्हतं.

पण धोका दुरुस्त करता येत होता. दुरुस्त करता येणाऱ्या गोष्टीला वाईट म्हणून परत पाठवायची सवय मला नाही. मी रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून कलमं लिहून काढली. दर वर्षी वाढ. उत्पन्न थकलं तर घर परत. वसतिगृह दुसऱ्या संस्थेत विलीन झालं तर जबाबदारी त्या संस्थेवर. शिवाय वसतिगृहात एक खोली आईंना राहायला, हव्या तेव्हा, हवी तितकी वर्षं.

त्या खोलीच्या कलमाशी मी बराच वेळ अडले. 'देणगीदार व तिचे कुटुंबीय' असं लिहिता आलं असतं. तीन शब्द जास्त. वसतिगृहाने कदाचित मानलंही असतं. पण कुटुंबीय म्हणजे कोण, किती दिवस, पाहुणे म्हणून की हक्काने, अशा ढिल्या शब्दांवरून माणसं कोर्टात गेलेली मी पाहिली आहेत. मुलींच्या वसतिगृहात कुणाचा तरी मुलगा आणि सून कायमची राहायला येणार, हे मी ऑफिसात स्वतःच कापलं असतं. मी लिहिलं, 'फक्त देणगीदार'.

वसतिगृहाने सगळं मान्य केलं. आईंनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता.

"खोली मिळाली गं मला. गुडघा बरा झाला की जातेच. मुली असतील आजूबाजूला, गप्पा होतील."

"इथे गप्पा होत नाहीत का?" मी म्हटलं.

"तू ऑफिसातून येतेस ती जेवून झोपतेस. भिंतीशी किती बोलू?" मग म्हणाल्या, "त्यांनी विचारलंय, दोघींच्या नावावर करायचं का. माझ्यानंतर तुला मिळत राहील. दरमहा थोडं कमी येईल, एवढंच."

"कमी कशाला? तुम्हीच पूर्ण घ्या."

"नक्की? नंतर मनात ठेवशील."

"नाही ठेवणार."

"शंभरी गाठीन मी. संस्था बुडवीन बघ."

"गाठा," मी म्हटलं.

पैसे मला नको होते हे खरं. हवं ते काय होतं, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता सांगायला उरलंही नव्हतं.

आई पुण्याला जाऊ शकत नव्हत्या आणि वसतिगृहाला नव्या वर्षाचे प्रवेश सुरू होण्याआधी घर हवं होतं. म्हणून त्यांच्या पुण्यातल्या भाचीच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचं ठरलं. त्यावर आईंनी इथल्या भारतीय वकिलातीत सही करायची, सोबत दोन साक्षीदार. नवऱ्याने अर्धा दिवस रजा घेतली, मीही.

खिडकीमागच्या माणसाने आईंना हिंदीत विचारलं, "माताजी, अपनी मर्जी से कर रही हैं?"

"बिलकुल," आई म्हणाल्या. "बहू ने सब पढ़ा है."

त्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

नवऱ्याने उभ्या उभ्या सही केली, न वाचता, आणि फोन आला म्हणून बाजूला गेला. मी नाव लिहिलं. पत्त्याच्या जागी हौगांगचा ब्लॉक नंबर लिहू लागले.

"मॅडम, पासपोर्टवाला अड्रेस."

माझ्या पासपोर्टवर आईंच्या फ्लॅटचा पत्ता आहे. कोथरूडचं घर विकल्यावर तोच घातला होता, तात्पुरता म्हणून. कागदाच्या वरच्या भागात, द्यायच्या मिळकतीच्या वर्णनात, तोच पत्ता छापलेला होता. मी तो खाली स्वतःच्या नावापुढे पुन्हा लिहिला. इमारत, तिसरा मजला, पिनकोड.

"अक्षर जरा मोठं काढ," आई शेजारच्या खुर्चीवरून म्हणाल्या. "पुण्याला नोंदणीवाले अडवतात."

मी मोठं काढलं आणि सही केली. माणसाने शिक्का मारला. आईंना उठायला हात दिला, त्यांची काठी दुसऱ्या हातात घेतली. बाहेर टॅक्सी मिळेपर्यंत त्या वसतिगृहातल्या आपल्या खोलीत खाट कुठल्या भिंतीला लावायची ते मला सांगत होत्या.