लिहून घेणार कोण?

दस्तवाले नाना सख्ख्या मेव्हण्यालाही विचारायचे, "आपलं नाव? वडिलांचं? आजोबांचं? राहणार कुठले?" मेव्हणा हसला की टाक खाली ठेवायचे. अलिबागच्या कचेरीच्या ओट्यावर त्यांची बैठक होती. एकोणीसशे तीसच्या आसपास रेवदंड्यापर्यंतची बहुतेक खरेदीखतं त्यांच्याच हातची.

"लिहून देणाऱ्याची जमीन जायचीच असते," ते म्हणत. "लिहून घेणारा कोण, ते पक्कं करा. उद्यापासून मालक तो आहे." त्यासाठी ते माणसाला इतकं पिडायचे की काही जण निम्म्यावरच चहाला उठून जात.

माझ्या माहितीत फक्त एकदा त्यांनी विचारलं नाही. माझे वडील, हसन अली, त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. वडिलांनी नारळाची वाडी घेतली तेव्हा नानांनी नुसतं "हसन अली, राहणार रेवदंडा" एवढंच लिहिलं. आमच्या भाऊबंदांत त्याच नावाचे आणखी एक गृहस्थ होते. जहाजावर नोकरीला जाताना वडील विश्वासाने खत त्यांच्याकडे ठेवून गेले आणि परत आलेच नाहीत. वाडी विकणारा म्हाताराही वारला. मग ते गृहस्थ म्हणू लागले, खतातला हसन अली मीच.

दावा उभा राहिला. वाडीशिवाय आम्हाला पोटाला दुसरं काही नव्हतं. आई रोज विचारायची, "नाना बोलतील ना रे?" मला खात्री नव्हती. भर कोर्टात चूक कबूल केली की नानांचा धंदा बसणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

पिंजऱ्यात उभे राहून नाना म्हणाले, "वाडी याच्या बापाने घेतली. त्याच्या वडिलांचं, आजोबांचं नाव मी घातलं नाही. दोस्ताला काय विचारायचं, म्हणून."

समोरच्या वकिलाने आवाज चढवला. "असे आणखी किती दस्त आहेत?"

 

"एकही नाही असं म्हणणार होतो," नाना म्हणाले, "पण शपथ घेतलीय. सांगता येत नाही."

वाडी आम्हाला मिळाली. नानांच्या पुढ्यात मात्र माणूस बसेनासा झाला.

दोन वर्षांनी आईने आपला हिस्सा माझ्या नावावर करायचं ठरवलं. मी कचेरीत गेलो आणि नानांना टाळून शेजारच्या दस्तलेखकापुढे बसलो. नानांनी पाहिलं. निघताना त्यांच्याजवळ थांबलो. तेच म्हणाले, "बरं केलंस. वाडी पुन्हा कोर्टात जायला नको."

ते मनापासून म्हणाले होते. त्याचीच मला आजही शरम वाटते.