फ्यूज कोणाच्या खिशात

वायरमनच्या धंद्यात एक शिस्त असते. तारेत हात घालायचा तर आधी मेनबोर्डातला फ्यूज उपसायचा आणि खिशात टाकायचा, म्हणजे मागून कोणी शहाणा येऊन तो परत लावणार नाही. आपला हा वायरमन तो लेकीच्या फ्रॉकच्या खिशात टाकायचा. सुट्टीच्या दिवशी ती त्याच्याबरोबर कामावर यायची. "माझा जीव तुझ्या खिशात आहे हं, ठिणगे," एवढं म्हणून तो शिडी चढे, आणि पोरगी दोन्ही हात खिशावर दाबून उभी राही. कोणी बिस्कीट दिलं तरी घेत नसे.

तीच ठिणगी आता वीज शिकायला परदेशातल्या विद्यापीठात निघाली होती. अर्ज गेला, गुणपत्रिका गेल्या, इंग्रजीची परीक्षा झाली. राहिली होती व्हिडिओवरची मुलाखत. ती पार पडली तर प्रवेश, नाहीतर सगळं मुसळ केरात. वायरमनने गल्लीत इतकी फुशारकी मारली होती की त्याला लांबून पाहिलं तरी लोक रस्ता बदलत.

मुलाखतीच्या दिवशी तो दाराबाहेर स्टूल टाकून राखणीला बसला. मिक्सर बंद, नळ बंद, बायकोला खोकायचीसुद्धा बंदी. आतून पोरीचं इंग्रजी ऐकू येत होतं. मग ती हसली. किती मोकळी हसली! तिकडच्या माणसांत ती आत्ताच मिसळून गेली आहे आणि त्यात आपण कुठेच नाही, असं त्याला वाटलं. तो उठला, बोर्डाशी गेला आणि सवयीने फ्यूज उपसून खिशात टाकला.

पंखा थांबला, इंटरनेट गेलं. त्या घरात मोबाईलची रेंज म्हणजे नशिबाचा खेळ. "बाबा, बघा ना काय झालं," म्हणत ती धावत बाहेर आली. तो एक हात खिशावर ठेवून बोर्डातल्या तारा चाचपत होता. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं आणि ती आत गेली. तिची पाठ वळताच त्याने फ्यूज बसवला, पण पलीकडचे लोक तोवर निघून गेले होते.

बायकोने वीज कंपनीचा उद्धार केला, त्याने मान डोलावली. वायरमनच्याच घरात अंधार म्हणून गल्लीने थट्टा केली, तोही दात काढून हसला. पोरीने विद्यापीठाला मेल केली होती. उत्तरासाठी ती रोज सकाळी फोन बघायची आणि गुपचूप खाली ठेवायची. ते बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. बाप कसला, वैरी आहोत आपण, हे त्याला कळत होतं. सांगून टाकावं म्हणून तो तिच्या दारापर्यंत जाई आणि भलतंच काही विचारून परत येई.

विद्यापीठाने दुसरी तारीख दिली. या खेपेला ती म्हणाली, बाबा, तुम्ही आत बसा. तो कोपऱ्यात अंग चोरून बसला. हाच विषय का, असं तिला विचारलं गेलं. तिच्या उत्तरातलं त्याला फक्त 'फ्यूज' आणि 'फादर' एवढंच समजलं. पण बोलताना तिचे दोन्ही हात कुर्त्याच्या खिशावर गेले होते. त्याला मान वर करवेना.

प्रवेश मिळाला. आता महिनाभर आपली सुटका नाही, असं गल्लीला वाटलं. पण वायरमन कोणाला काही बोलला नाही. ती बॅग भरत होती तिथे जाऊन तो उभा राहिला.

"त्या दिवशी लाईट गेली नव्हती. मी घालवली होती."

"माहीत आहे, बाबा. टेस्टर न घेता फॉल्ट शोधत होतात. तुम्ही तर आंघोळीलाही टेस्टर घेऊन जाता."

"मग बोलली का नाहीस?"

तिने हातातला स्वेटर नीट घडी करून बॅगेत ठेवला.

"शिडी चढताना तुम्ही मला कधी विचारलंत का, फ्यूज खिशात आहे ना म्हणून?"

नव्हतं विचारलं. एकदाही नाही.